तेराव्या भागातलं कुंकू

माझ्या कादंबरीवर टीव्हीची मालिका निघाली होती, हे आज कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल. पण निघाली होती. तेरा भागांची, रविवारी सकाळी लागणारी, आणि हिंदीत. तिची आठवण काढली की मला आधी थकवाच आठवतो. लिहिताना माणूस थकतो ते वेगळं. आपण लिहिलेलं दुसऱ्याच्या हातात रोज थोडं थोडं बदलताना बघून थकतो ते वेगळं. मी तेव्हा पंचेचाळिशीत होतो आणि मालिका संपली तेव्हा साठीचा दिसत होतो, असं माझी बायको अजून म्हणते.

मी मालवणजवळच्या आमच्या गावात हायस्कूलवर मास्तर. इतिहास आणि मराठी शिकवायचो. कादंबरी ऐतिहासिक होती, पण लढायांपेक्षा प्रेमाचीच जास्त. आरमारातला एक तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या, आणि गलबतं बांधणाऱ्या सुताराची मुलगी. दोघांचं जमतं, नाही होय करता लग्न होतं, आणि तो मोहिमेवर जातो तो परत येत नाही. गलबत बुडाल्याची बातमी येते. दुसऱ्या दिवशी, ज्यांचे नवरे त्या गलबतावर होते त्या सगळ्या बायका मोकळ्या कपाळाने किनाऱ्यावर जातात, समुद्राचं पाणी एकदा कपाळाला लावतात आणि मागे वळतात. तिथे कादंबरी संपते.

हा शेवट कुठून आला ते मला माहीत होतं आणि घरातल्या आणखी एका माणसाला. माझी थोरली बहीण. आम्ही तिला अक्का म्हणायचो. तिच्या लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत तिचा नवरा मुंबईला गोदीत कामावर असताना तापाने गेला. सगळं तिकडेच उरकलं, इकडे नुसती तार आली. तिने त्याला शेवटचं पाहिलंसुद्धा नाही. विशीतली अक्का माहेरी आली आणि मग आमच्याच घरात राहिली. स्वयंपाक तिचा, विहिरीचं पाणी तिचं, माझ्या पोरांची आजारपणं तिची. हळदीकुंकू मात्र माझ्या बायकोचं. घरी आलेल्या बायका जायला निघाल्या की बायको करंडा घेऊन एकेकीच्या कपाळाला बोट लावत जायची, आणि अक्कापाशी आली की तिला सोडून पुढच्या बाईकडे वळायची. त्यात कोणाची दुष्टबुद्धी नव्हती, सगळ्या घरांत तसंच चालायचं. त्या वेळी अक्का हटकून मान खाली घालून काहीतरी निवडत असायची, कुळीथ म्हणा, तांदूळ म्हणा.

कादंबरी छापून आली तेव्हा तिने ती दुपारी दुपारी बसून वाचून काढली. तिचं मत विचारायची मला हिंमत नव्हती. एके दिवशी ताटात भात वाढता वाढता तीच म्हणाली, "शेवट बरो केलंस. खोटो नाय."

पुढे दोन-चार मासिकांत परीक्षणं आली, त्यातलं एकही मला धड आठवत नाही. हे वाक्य आठवतं.

मग तो दिग्दर्शक आला. मुंबईचा, तरुण, दाढीवाला, माझ्यापेक्षा कादंबरी जास्त पाठ असलेला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, सरळ भांडून मोकळा झालो असतो. त्याने माझ्याकडूनच पटकथा लिहून घ्यायची ठरवली आणि मी हुरळलो. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, तसं झालं. प्रत्येक भागाच्या शेवटी काहीतरी लटकतं ठेवायला हवं होतं. त्यामुळे माझा तांडेल, जो कादंबरीत मुळात शांत माणूस, दर आठवड्याला कुठल्यातरी संकटात सापडू लागला. मी एक भाग लिहायचो, तो दिल्लीला जायचा, दिल्लीहून शेरे यायचे, मी परत लिहायचो. शाळेतल्या मुलांचे पेपर तपासून झाले की रात्री मी माझा स्वतःचा पेपर तपासायला बसायचो, आणि दर वेळी नापास व्हायचो. त्यात ते सगळं हिंदीत होत होतं. आमच्या किनाऱ्यावरचा सुतार लेकीला 'बेटी' म्हणायला लागला तेव्हा मी दोन दिवस वहीला हात लावला नाही. मग लावला. करतो काय!

एवढं सगळं मी सोसलं ते एका शब्दावर. दिग्दर्शकाने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "सर, मधलं काय ते होईल. पण शेवट तुमचाच. त्याला हात लावणार नाही." त्या शब्दाला धरून मी बारा भाग रेटले.

चित्रीकरण आमच्याच गावच्या किनाऱ्यावर करायचं ठरलं. थंडीचे दिवस होते, समुद्र शांत. मुंबईहून निघालेली त्यांची बस कसालला न वळता सरळ गोव्याच्या रस्त्याला लागली होती आणि मी तिठ्यावर दिवसभर उन्हात उभा होतो. तेव्हाच मला समजायला हवं होतं. बस शेवटी आली. तिच्यातून कॅमेरे, ट्रंका, कपड्यांची गाठोडी, आणि थंडीतही हातपंख्याने वारा घेणारी नायिका उतरली. गाव आठवडाभर किनाऱ्यावरच होतं. मी शाळेतून रजा काढली होती आणि माझं काम काय, तर गावाचं यांना सांगायचं आणि यांचं गावाला. दोन्हीकडच्या शिव्या मला.

शेवटच्या भागाचा दिवस जवळ आला. दिग्दर्शक म्हणाला, "सर, पंधरा-वीस बायका लागतील. पांढरी लुगडी आम्ही देतो. फक्त कपाळं मोकळी पाहिजेत."

मी हे घेऊन गावच्या मानकऱ्याकडे गेलो. देवळात गावातर्फे गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा, आणि गावात कोणाला काय सांगायचं ते त्याच्यामार्फतच सांगायचं ही रीत. म्हातारा जाळं दुरुस्त करत बसला होता. ऐकून त्याने जाळं खाली ठेवलं.

"खुळो काय रे तू मास्तरा? दर्यार माणसां आसत आमची. खंयची सवाष्ण कुकू पुसतली?"

"नाटकापुरतां रे," मी म्हटलं.

"नाटकाक सुद्धा नाय." आणि मग थोडा विचार करून म्हणाला, "तुमका कुकू नसलेल्यो बायलो व्हयेत मां? मग त्यो काय गावात कमी आसत? तेंकाच सांगतंय."

मला ते अगदी शहाणपणाचं वाटलं. कोणाचं कुंकू पुसायला नको, कोणाला अपशकून नको. निरोप घरोघर गेला आणि आमच्याही घरी आला. मला वाटलं, अक्का नको म्हणेल. पण तिने पदराला हात पुसले आणि विचारलं, "शेवट तुझोच आसा मां?"

"माझोच."

"मग येतंय."

दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या बायका आल्या. शंभरदा धुतल्यासारखी पांढरी लुगडी त्यांना नेसायला दिली. अक्का पुढे होती. कोणी काही शिकवलं नाही, कोणी काही विचारलं नाही. त्या चालत पाण्यापर्यंत गेल्या, वाकल्या, ओंजळीत पाणी घेतलं, कपाळाला लावलं आणि वळल्या. कॅमेऱ्याने अक्काचा चेहरा अगदी जवळून घेतला. दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी होतं. तो माझा हात धरून म्हणाला, "सर, काय चेहरे आहेत हो तुमच्या बायकांचे! एकीलाही अभिनय सांगावा लागला नाही."

मला वाटलं, माणूस जरा बावळट आहे. त्याला खरोखरच माहीत नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. सगळ्या गावाला डोळ्यांनी दिसतं ते पाहुण्याला तोंडाने सांगावं लागतं, हे आम्हाला कोणालाच सुचलं नव्हतं. आणि त्याला वाटत होतं, गावच्या बायका कामाच्या मोठ्या पक्क्या, टिकल्या काढून वेळेवर हजर झाल्या.

त्या संध्याकाळी पोस्टात त्याला मुंबईहून ट्रंककॉल आला. परतला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. मालिकेचा प्रायोजक कपडे धुण्याच्या पावडरवाला होता. त्याला शेवट पसंत नव्हता. रविवारी सकाळी घरातली सगळी माणसं चहा पीत बसलेली असताना पडद्यावर विधवांचा घोळका नको, असं त्याचं म्हणणं. मला हसू आलं. एवढी पांढरीशुभ्र लुगडी बघून पावडरवाल्याला खरं तर आनंद व्हायला हवा होता.

"मग काय करणार?" मी विचारलं.

"बातमी खोटी ठरवायची, सर. गलबत परत येतं. या बायका धावत येतात, हिरवी लुगडी, कुंकू, बांगड्या, हातात ओवाळणीचं तबक. आजचा सीन राहतोच, तो वाया जात नाही. फक्त त्याच बायका पाहिजेत. चेहरे इतके जवळून घेतलेत की बदलता येणार नाहीत."

शब्द दिला होतास, असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही. त्या महिन्यांत मी इतकं काही गिळलं होतं की एक घास आणखी. मी एवढंच म्हणालो, "त्या विधवा आहेत."

"हो ना, आजच्या सीनमध्ये..."

"सीनमध्ये नाही. खऱ्या."

तो हातातली सिगारेट विसरला. "सगळ्या?"

"सगळ्या."

"ती पुढची? पाणी घेणारी?"

"ती माझी बहीण."

तो एका ट्रंकेवर बसला. मग म्हणाला, राहू दे, सर. मग म्हणाला, पण मग शेवटच नाही. बस परवा निघणार, प्रायोजक हात काढून घेणार, बारा भाग डब्यात पडणार. मग अगदी हळू म्हणाला, "तुम्ही विचारून तरी बघाल का?"

मी त्याला तिथेच वाळूत पुरला असता. पण पुरण्याइतकं बळ अंगात नव्हतं. मी घरी निघालो. वाटेत मनाशी ठरवलं, घरी काही बोलायचंच नाही, सकाळी येऊन सांगायचं की बाया तयार नाहीत. विधवा बाईच्या कपाळी घटकाभराचं कुंकू लावायचं आणि काम झालं की पुसायचं, हे मी माझ्या बहिणीला कुठल्या तोंडाने विचारणार? आणि गाव? तिच्या कपाळी कुंकू लागल्यावर एखादी होडी उशिरा आली तर जन्मभर तिला सुनावतील. तिचं या गावात काय होतं? माझ्या घरातला एक कोपरा आणि लोकांनी तिच्याविषयी वाईट न बोलणं, एवढंच.

अक्का मागच्या पडवीत आडाळ्यावर बसून नारळ खवत होती. मी पायावर पाणी घेतलं आणि बाजूला टेकलो. ती म्हणाली, "तोंड कित्याक उतारलां तुझां?" आणि मी, जो न बोलायचं ठरवून आलो होतो, तो सगळं बोललो. प्रायोजक, ट्रंककॉल, हिरवी लुगडी, तबक, कुंकू. बोलून झाल्यावर म्हटलं, "मी नाय म्हणान सांगतंय तेंका. तू मनार घेव नको."

तिचा हात थांबला नव्हता. अर्धी वाटी खवून झाली, तिने दुसरी घेतली.

"किती येळ ठेवूचां लागतलां?"

मला वाटलं, ती माझ्यासाठी कडू औषध घ्यायला तयार होतेय आणि चमचे किती ते विचारतेय. मी घाईने म्हणालो, "तासभर गो. काम झालां की लगेच पुसूचां."

तिने मान वर केली.

"तासभरच?"

इतकी वर्षं ही बाई मी लिहिलेलं सगळं वाचत आली होती, आणि मला तिचं एवढंसुद्धा वाचता आलं नव्हतं. मी उठून विहिरीपाशी जाऊन उभा राहिलो. मला रडू येत होतं आणि दिग्दर्शकाचा, पावडरवाल्याचा, कादंबरीचा, सगळ्याचाच भयंकर कंटाळा आला होता.

सकाळी मानकरी घरी आला. बातमी त्याला कशी लागली देव जाणे. ओसरीवर काठी टेकून उभा राहिला, बसला नाही. असलं गावात कधी झालं नाही, करायचंच तर आधी देवाला कौल लावायला हवा, आणि असल्या गोष्टीसाठी मी तरी देवापुढे उभा राहणार नाही, असं त्याने मला ऐकवलं. मी दमून गेलेलो होतो. म्हणणार होतो, बरं, राहू दे. तेवढ्यात आतून अक्का आली. ती मानकऱ्यासमोर कधी बोललेली मी ऐकली नव्हती.

"देवाक कित्याक इचारूचां?" ती म्हणाली. आवाज चढवून नाही, वाणसामानाबद्दल बोलावं तसं. "काढून नेताना तेणां माका इचारल्यान?"

म्हाताऱ्याने काठी उचलली आणि पायऱ्या उतरून गेला. हो म्हणाला नाही, पण परत नाहीही म्हणाला नाही.

त्या दिवशी किनाऱ्यावर निम्म्याच बायका आल्या. काहींना मुलांनी सोडलं नाही, काहींना सुनांनी. एक तर माडांच्या कडेपर्यंत आली, थोडी थांबली आणि परत गेली. दिग्दर्शक म्हणाला, चालेल, पुढच्या आहेत तेवढ्या पुरे. तो कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. कपडेपटाच्या बाईने हिरवी लुगडी वाटली, बांगड्या चढवल्या आणि कपाळाला चिकटवायच्या टिकल्यांचं पाकीट काढलं. अक्काने हात आडवा धरला.

"ह्यां नको. कुकू हाड. आणि मेण."

मेण लावून त्यावर कुंकू बसवायची रीत त्या मुंबईच्या बाईला कुठली ठाऊक! कोणाकडेच मेण नव्हतं. माझी बायको बघ्यांत उभी होती. ती घरी गेली आणि स्वतःचा करंडा घेऊन आली, ज्यातलं कुंकू तिने कधी अक्काला लावलं नव्हतं तो. तो तिने अक्कापुढे धरला. अक्का म्हणाली, "तूच लाय गो."

"माझो हात थरथरता, अक्का."

"थरथरांदे."

मेणाचं बोट फिरलं, कुंकवाचं बोट फिरलं. जरासं वाकडं लागलं. बाकीच्या बायका रांगेत उभ्या होत्या. माझ्या बायकोने सगळ्यांना लावलं, एकेकीपुढे थांबून. कोणी आरसा मागितला नाही. त्या एकमेकींकडेच बघत होत्या.

शॉट साधा होता. शिडाचं गलबत किनाऱ्याला येतं, बायका धावतात, तबक ओवाळतात. पण गलबत म्हणजे आमच्या गावचा एक जुना मचवा, त्याच्यावर फळ्या ठोकून काहीतरी उभं केलेलं. पहिल्यांदा वाराच पडला, शीड लोंबू लागलं. दुसऱ्यांदा मागून इंजिनाची होडी फटफटत गेली आणि इतिहासाचे बारा वाजले. मग तबकातली निरांजनं विझली. मग एक गाय चौकटीत शिरली आणि हलेना. दिग्दर्शक प्रत्येक वेळी डोक्याला हात लावून 'रिटेक' ओरडायचा आणि युनिटमधली माणसं कपाळावरचा घाम पुसत शिव्या द्यायची. नायिका दमली, कॅमेरावाला दमला, मी तर आधीपासूनच दमलेला होतो. ऊन उतरायला लागलं.

दमल्या नव्हत्या त्या फक्त त्या बायका. 'रिटेक' म्हटलं की त्यांच्यात एक हळूच हसू फुटायचं. त्या लगबगीने परत माडांपाशी जायच्या, पदर सारखे करायच्या, वात पेटवायच्या आणि पुन्हा धावायला तयार. अक्का माझ्या अगदी जवळून गेली तेव्हा मी विचारलं, "दमलंस मां?" तर म्हणाली, "नाय रे. होवंदे सावकाश." तिचा चेहरा उन्हाने लाल झाला होता आणि त्यावर ते वाकडं कुंकू. लग्नातसुद्धा मी तिला इतकी बघितली नव्हती. मी तेव्हा लहान होतो, पंगतीत लाडू मोजत होतो.

मी तिथे वाळूत बसून होतो आणि मला स्वच्छ कळत होतं की हा शेवट खोटा आहे. कुठलं गलबत परत येत नाही, बातम्या खोट्या ठरत नाहीत. माझा शेवट खरा होता. पण माझ्या खऱ्या शेवटाने तिला काय दिलं होतं? जे तिच्यापाशी आधीच होतं तेच पुन्हा. या पावडरवाल्याच्या खोट्या शेवटाने तिला एक दुपार दिली होती. मला याचा राग यावा की आनंद व्हावा ते कळेना, आणि कळून घ्यायचं त्राणही नव्हतं.

शेवटी वारा भरला, गाय गेली, शॉट मिळाला. 'पॅकअप' झालं. कपडेपटाची बाई कापूस आणि खोबरेल तेल घेऊन बायकांकडे निघाली आणि दिग्दर्शकाने तिला दंडाला धरून थांबवलं. या बायकांचे नवरे गेले तेव्हा त्यांची कपाळं दुसऱ्याच कोणीतरी पुसली होती, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. कसं कोण जाणे, त्याला कळलं असावं. एवढ्यासाठी मी त्याला बाकीचं सगळं माफ केलं.

कोणी समुद्रात तोंड धुतलं, कोणी पदराने पुसलं. अक्काने लुगडं बदललं, बांगड्या उतरवून दिल्या, पण कपाळाला हात लावला नाही. ती तशीच बाजारातल्या रस्त्याने घरी आली. मी आणि बायको मागून. दुकानांतली माणसं बोलायची थांबत होती. मानकरी देवळाच्या कठड्यावर बसला होता, त्याने मान दुसरीकडे फिरवली. घरी येऊन तिने तुळशीपुढे दिवा लावला, मग विहिरीवर गेली, रोजच्यासारखं तोंड धुतलं आणि भात शिजत घातला.

दुसऱ्या दिवशी युनिट गेलं. त्याच दिवशी एक होडी दुपारी यायची ती आली नाही. मी शाळेत वर्गावर होतो, पण माझं लक्ष खिडकीबाहेर. गावात कुजबूज सुरू झाली होती आणि कुणाचं नाव निघतंय ते मला ठाऊक होतं. अक्का किनाऱ्यावर जाऊन उभी होती म्हणे, सगळ्यांपासून लांब. दिवेलागणीला होडी आली. इंजिन बिघडलं होतं, बाकी काही नाही. अक्का घरी आली, आणि त्या दिवशी मात्र तिने आल्या आल्या अंथरुणावर अंग टाकलं.

मालिका लागली. आमच्या इथे चित्र धड दिसायचं नाही. वाचनालयाच्या पुढच्या खोलीत टीव्ही होता, काळा-पांढरा, आणि कोणीतरी छपरावर चढून अँटेना फिरवत राहायचं. बारा रविवार मी तिथे जाऊन मान खाली घालून बसलो. तेराव्या रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. अक्काही आली होती, दाराशी बसली होती. तिच्याबरोबर त्या दिवशी ओवाळायला गेलेली शेजारची म्हातारी होती.

पांढरी लुगडी आली, गेली. मग गलबत. मग बायका धावल्या. एवढ्या दुपारभराचा मामला पडद्यावर पाणी प्यायच्या आत संपला. अक्काचा चेहरा एकदा जवळून आला, तबक वर जाताना. खोलीत कोणीतरी तिचं नाव घेऊन ओरडलं. पुढे बसलेली एक बाई मागे वळून म्हणाली, "अगो, कुकू काळां दिसता!"

टीव्हीच तसला. कुंकू काळं, हिरवं लुगडं काळं, आकाश पांढरं.

"तांबडां होतां," अक्का म्हणाली.

नंतर शेजारणी आमच्या घरी आल्या, माझं कौतुक करायला. चहा झाला. मी ओसरीवरच्या खुर्चीत डोळे मिटून बसलो होतो, एकदाचं संपलं म्हणून. बायका जायला निघाल्या तशी बायकोने करंडा काढला आणि एकेकीला कुंकू लावत आली. अक्का आणि ती म्हातारी भिंतीला टेकून शेजारी शेजारी बसल्या होत्या. त्या दिवशी अक्का काही निवडत नव्हती, हात मांडीवर मोकळे होते. बायको तिच्यापुढे आली आणि तिथेच थांबली. कुंकवाचं बोट तसंच हवेत. शेजारणी गप्प झाल्या. मी डोळे उघडले.

अक्काने एकदा म्हातारीकडे बघितलं. दोघी हसल्या.

"फुडे जा गो," अक्का म्हणाली. "आमचां लावन झालां."

बायको पुढच्या बाईकडे वळली.